रजिस्टरचा आकडा आणि दारावरचा आकडा

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी कात्रण टाकलं, ठाणे जिल्ह्यात लैंगिक आजारांचे पेशंट वाढले म्हणून, आणि खाली लगेच रडकी तोंडं, जोडलेले हात, "पिढी बिघडली", "सगळं मोबाइलमुळे" सुरू. मी नवी मुंबईत काही वर्षं घरोघर फिरून आरोग्याचे सर्व्हे केलेत आणि त्याच्या आधी एका सरकारी दवाखान्यात रजिस्टरमधले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम केलंय, त्यामुळे असलं काही वाचलं की माझं पहिलं एकच, हा आकडा आला कुठून? दवाखान्याच्या रजिस्टरमधून की लोकांच्या दारातून? कारण दोन्ही आकडे पेपरात अगदी सारखेच दिसतात, दोन्हीच्या पुढे "आरोग्य विभागानुसार" असतं, पण ते एकमेकांचे लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

रजिस्टरचा आकडा म्हणजे जो दवाखान्यात आला, नंबर लावला, केस पेपर काढला, तो. सिस्टर किंवा काउन्सेलर वहीत ओळ लिहिते, महिन्याअखेर बेरीज होते आणि ती वर जाते. २००८ पासून केंद्राचं एचएमआयएस नावाचं पोर्टल आहे, देशभरातले दवाखाने त्यावर दर महिन्याला आकडे भरतात. एचआयव्ही तपासणीची आयसीटीसी केंद्रं आणि गुप्तरोगासाठी सरकारी दवाखान्यात जे "सुरक्षा क्लिनिक" असतं (बोर्ड बघितला असेल, आत काय चालतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं) त्यांचा रिपोर्ट नॅकोकडे, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेकडे जातो.

दारावरचा आकडा वेगळा. त्यात घरं निवडतात, चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आणि मग त्या घरात जाऊन विचारतात, तुम्ही आजारी असा नसा, दवाखान्यात जाता न जाता. यातला सगळ्यात मोठा म्हणजे एनएफएचएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. तो करणारी आयआयपीएस ही संस्था आपल्यापासून काही लांब नाही, वाशीची खाडी ओलांडून मानखुर्द सोडलं की गोवंडी, तिथे देवनारला. पहिला १९९२-९३ चा, पाचवा २०१९-२१ चा, आणि पाचव्यात सहा लाखांवर घरं, सव्वासात लाखांच्या आसपास बायका आणि एक लाखाच्या वर पुरुष. महाराष्ट्राचं काम लॉकडाउनच्या आधीच झालं होतं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगते. रजिस्टर सांगतं किती जण आले. दारावरचा सर्व्हे सांगतो किती जणांना आहे, किंवा निदान किती जण "आहे" म्हणाले. आता एखाद्या वॉर्डात नवीन लेडी डॉक्टर आली, बायका तिच्याकडे मोकळेपणी बोलायला लागल्या, तर रजिस्टर फुगणारच ना. आजार तेवढाच, लिहिला गेला जास्त. आणि उलटंही होतं. मी जिथे एन्ट्री करायचे तिथे एका महिन्यात आकडा एकदम खाली आला. मला वाटलं माझीच काहीतरी चूक, दोनदा वही तपासली. मग सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं किट संपलेत तीन आठवडे, औषधच नाही म्हटल्यावर लोक येतायत कशाला, आणि आले तर मी त्यांना काय सांगून बसवू?" गुप्तरोगाच्या गोळ्यांची रंगाची पाकिटं असतात, स्रावाच्या त्रासाला करडं, योनीच्या इन्फेक्शनला हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, असं सात रंगांचं आहे, आणि तेव्हा करडं आणि हिरवं दोन्ही संपलेलं. वर गेलेल्या रिपोर्टात मात्र दिसलं की केसेस घटल्या. कोणीतरी कुठेतरी त्याचा बार चार्ट पण काढला असेल.

रजिस्टर आणि दार यांची सगळ्यात मोठी टक्कर आपल्या देशात एचआयव्हीवर झाली आणि ती गोष्ट मला कायम सांगावीशी वाटते. २००६ च्या सुमाराला भारतात एचआयव्हीसोबत जगणारे ५० लाखांच्या वर लोक आहेत असं धरलं जायचं, यूएनएड्सचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचा, आकडा ५७ लाखांचा होता. हा यायचा मुख्यतः ठरावीक दवाखान्यांतून. तिथे गरोदरपणाच्या तपासणीला लागोपाठ आलेल्या ४०० बायकांचं रक्त, नाव न जोडता, तपासायचं आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. मग २००५-०६ च्या तिसऱ्या एनएफएचएसमध्ये पहिल्यांदा घरोघर जाऊन एक लाखाच्या वर लोकांच्या बोटातलं रक्त घेतलं, आणि देशाचं प्रमाण आलं ०.२८ टक्के. महाराष्ट्राचं ०.६२. घरोघरच्या सर्व्हेत जे सापडत नाहीत त्या जास्त जोखमीच्या लोकांची भर घालून २००७ च्या जुलैमध्ये नॅकोने नवा आकडा जाहीर केला, साधारण २५ लाख, ०.३६ टक्के. म्हणजे अर्ध्याहून कमी! एका वर्षात निम्मे लोक बरे झाले नव्हते आणि वारलेही नव्हते, मोजण्याची जागा बदलली होती फक्त.

पण दवाखान्याचा आकडा एवढा फुगला का? कारण सरकारी दवाखान्यात कोण जातं ते बघा. एक तर गरीब माणूस जातो. दुसरं, खासगी डॉक्टरला एचआयव्हीचा संशय आला की तो पेशंटला गोड बोलून सरकारीत पाठवायचा, "तिकडे सगळी सोय आहे". आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात तेव्हाच घरोघर अभ्यास झाला होता, त्यातही हेच कारण पुढे आलं, सरकारी पद्धतीचा अंदाज दुपटीहून जास्त निघाला होता. म्हणजे रजिस्टर खोटं नव्हतं, लिहिलेली प्रत्येक ओळ खरी होती. फक्त त्या रांगेत कोण उभं आहे हे रांगेबाहेरच्यांना लागू पडत नव्हतं.

यावरून कोणी म्हणेल की रजिस्टर नेहमी वाढवून सांगतं. तर नाही. आपल्याच गडचिरोलीचं उदाहरण बरोब्बर उलटं आहे. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, दवाखान्यात येण्याची वाट न बघता, आणि १९८९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि याआधी आयुष्यात कधी तशी तपासणी झालेल्या किती, तर ८ टक्के. जवळच्या दवाखान्याच्या वहीवरून बघितलं असतं तर त्या गावांत काहीच नव्हतं म्हणायचं. आपल्या बायका "अंगावरून पांढरं जातंय" हे एकमेकींना सांगतील, नवऱ्याला सांगणार नाहीत, डॉक्टरला तर नाहीच, पुरुष डॉक्टर असला तर विषयच संपला. हे १९८९ चं झालं, पण माझ्या फिरण्यात मला फार काही बदललेलं दिसलं नाही हो, फक्त आता आधी मेडिकलवाल्याला विचारतात, आणि तोही विचारतो कोणाला हवंय, म्हणून परत येतात.

बरं, मग दारावरचा आकडाच खरा मानायचा का? इथे मी माझ्याच धंद्याची चुगली करते. कोपरखैरणेला माथाडींच्या घरांत फिरत होते, बहुतेक सगळे साताऱ्याकडचे, पाटण, जावळी. एका घरात तिशीतली बाई, एक खोली, मोरीजवळ सासूबाई भांडी घासतायत, पोरगं टीव्हीपुढे. नियम असा की मुलाखत एकटीची घ्यायची, कोणी ऐकायला नको. आता त्या खोलीत एकटी म्हणजे कुठे? मी सासूबाईंना म्हटलं आजी जरा बाहेर बसता का, त्या म्हणाल्या "बसते की, मला काय ऐकू येतंय" आणि तिथेच बसल्या. मी हळू आवाजात विचारलं, मागच्या वर्षभरात वास येणारा स्राव, जखम, असं काही? "नाय." पुढचा प्रश्न, "नाय." सगळं नाय. मी फॉर्म बंद केला, चप्पल घातली, तर ती पाणी भरायच्या निमित्ताने हंडा घेऊन माझ्या मागे नळापर्यंत आली आणि म्हणाली, "ओ ताई, ते मगाशी विचारलंत ना, त्याला गोळी कुठं मिळती?" फॉर्ममध्ये तिच्या नावापुढे "नाही" गेलेलं. मी परत उघडून बदललं, पण नळापर्यंत न आलेल्या किती असतील याचा हिशोब कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

शिवाय नुसतं विचारून कळणारं आणि तपासून कळणारं यात फरक आहे. क्लॅमिडिया नावाचा गुप्तरोग बऱ्याच बायकांत काही त्रासच देत नाही, सिफिलिस कित्येक वर्षं गप्प बसून असतो. आणि पांढरं जाणारं प्रत्येक वेळी गुप्तरोग नसतोही, साधं बुरशीचं इन्फेक्शनसुद्धा असतं. त्यामुळे प्रश्न विचारून आलेला टक्का म्हणजे तक्रारीचा टक्का, आजाराचा नाही. २००५-०६ ला रक्त घेतलं म्हणून तेव्हाचा एचआयव्हीचा आकडा एवढा वजनदार ठरला.

आणि सर्व्हे घराला चिकटलेला असतो. तुर्भ्याच्या एपीएमसीला ट्रक टर्मिनलवर रात्री केबिनमध्ये झोपणारा ड्रायव्हर, भिवंडीच्या लूमवर पाळीपाळीने एकाच खाटेवर झोपणारे कामगार, त्यांचं "घर" यादीत येणार कसं? म्हणून अशा लोकांसाठी वेगळे अभ्यास करावे लागतात, नॅकोने २०१४-१५ मध्ये जास्त जोखमीच्या गटांचा असा देशभर केला होता, त्यांच्याच अड्ड्यांवर जाऊन.

आता खास आपल्या ठाण्याच्या भानगडी. एक, "ठाणे" म्हणजे नक्की कुठलं ठाणे? २०११ च्या जनगणनेत ठाणे लोकसंख्येने देशातला सर्वात मोठा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांच्या वर लोक, त्यात जव्हार-मोखाडा सगळं आलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. पण चौथा एनएफएचएस २०११ च्या जिल्ह्यांवर झाला, म्हणजे त्यातल्या ठाण्यात पालघर आहे, पाचव्यातल्या ठाण्यात नाही. कोणी दोन आकडे शेजारी ठेवून "ठाण्यात सुधारणा" म्हटलं की समजावं, आदिवासी पट्टा हिशोबातून गेला म्हणूनही ती दिसत असेल. दोन, नवी मुंबईचा असा वेगळा आकडा सर्व्हेत नसतोच, तो जिल्ह्याचा असतो, आणि ऐरोली-वाशी-बेलापूर ठाण्यात तर खारघर, कामोठे, उलवे रायगडात. पामबीचवरून गाडी चालवताना कोणाला कळतंय हे.

तिसरी सगळ्यात मोठी आणि कोणी बोलत नाही ती. लैंगिक वागणूक, जोखमीच्या संबंधात कंडोम, एचआयव्हीची माहिती हे प्रश्न चौथ्या-पाचव्या सर्व्हेत सगळ्या घरांत विचारलेलेच नाहीत, साधारण १५ टक्के घरांत विचारलेत, आणि पुरुषांच्या मुलाखतीही तेवढ्यातच. त्यामुळे ते आकडे राज्यापुरते. पाचव्या सर्व्हेच्या राज्याच्या पत्रकात १३१ निर्देशक, म्हणजे मोजलेल्या गोष्टी, आणि जिल्ह्याच्या पत्रकात १०४, त्या कात्रीत हेच प्रश्न गळतात. या प्रश्नांवर "ठाण्यातले अमुक टक्के पुरुष" असं या सर्व्हेच्या नावावर कोणी सांगितलं तर ते आकाशातून पडलेलं आहे.

रजिस्टरचीही इथली एक गंमत आहे. या आजारासाठी माणूस आपल्या एरियातल्या दवाखान्यात जातच नाही. दिव्याचा कळव्याला जातो, मुलुंडचा ऐरोलीला येतो, वाशीची चेंबूर गाठते, आणि पत्ता विचारला की जवळचं काहीतरी ठोकून देतात. मी एन्ट्री करताना एकाच चाळीच्या पत्त्यावर महिन्याभरात सात वेगवेगळी आडनावं आली होती, सिस्टर म्हणाल्या ती चाळ कधीच पडली, तिथे टॉवर आहे. तोच माणूस तीन वेळा आला तर काही वह्यांत तीन, काही वह्यांत एक. आणि या सगळ्याला भागायला खालची संख्या, म्हणजे लोकसंख्या, ती २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली, कारण २०२१ ची वेळेवर झालीच नाही. घणसोलीत तेव्हापासून किती बिल्डिंगा उभ्या राहिल्या ते तिथे राहणाऱ्याला विचारा. म्हणून कधीकधी रजिस्टरवरून काढलेलं लसीकरण वगैरे १०० टक्क्यांच्या वर जातं आणि सगळे चेहरा सरळ ठेवून मीटिंगला बसतात.

तरी मी रजिस्टरला नावं ठेवणार नाही. किट किती मागवायची, कुठल्या केंद्राला काउन्सेलर हवा, गरोदर बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पुढे तिचं काय झालं, हे सगळं रजिस्टरच सांगणार, कित्येक वर्षांनी येणारा सर्व्हे नाही. आणि जे आलेच नाहीत ते किती, हे मात्र रजिस्टरला सात जन्मात कळणार नाही, त्यासाठी दारच वाजवावं लागतं. मला विचाराल तर दोन्ही आकड्यांतलं अंतर हाच खरा आकडा. दारावर शंभर जणी त्रास आहे म्हणतात आणि वहीत दहाच दिसतात, तर मधल्या नव्वद कुठे गेल्या, मेडिकलवाल्याकडे, भोंदूकडे, की घरीच? (हे शंभर-दहा समजायला घेतलेत हं, कुठे फॉरवर्ड करू नका.)

हे सगळं थोडक्यात मी ग्रुपवर लिहिलं, म्हणजे मला थोडक्यात वाटलं. ते कात्रण नीट वाचलं तर त्यात "केंद्रांवर नोंद झालेले रुग्ण" असं स्पष्ट होतं, आणि खालच्या ओळीत त्याच वर्षी केंद्रं वाढवल्याचंही होतं. काकांनी अर्ध्या तासाने विचारलं, "म्हणजे रोग वाढलाय की नाही ते सांगा." मी लिहिलं, यावरून कळत नाही काका. त्यांनी अंगठ्याचा इमोजी दिला आणि पुढचा मेसेज शुक्रवारच्या पाणी शटडाउनचा टाकला.