काकूंची कॅप्सूल आणि दात्याची कॅप्सूल

अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टरांनी आमच्या शेजारच्या काकूंना अँटिबायोटिक दिली आणि जोडीला प्रोबायोटिकची कॅप्सूल. जुळे सोलापुरातल्या या काकू सध्या कडक भाकरी दह्यात भिजवून खातायत, पण त्या कॅप्सूलला हात लावायला तयार नाहीत. "दुसऱ्याची घाण असते म्हणे त्यात. मोबाइलवर आलंय, बघ की!"

आलंय ते अगदीच खोटं नाही. विष्ठेतले जिवाणू भरलेली कॅप्सूल खरोखर आहे, फक्त काकूंच्या हातातली ती नव्हे.

प्रोबायोटिक म्हणजे कारखान्यात वाढवलेले, नावानिशी ओळखीचे मोजके जिवाणू. कधी यीस्टही असतं. सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट १९२०च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं. ते जिवाणू नसल्याने अँटिबायोटिक त्याला मारत नाही. लॅक्टोबॅसिलससारखा जिवाणू असेल तर दोन औषधांत दोनेक तासांचं अंतर ठेवायला सांगतात. ही मंडळी बहुधा आतड्यात घर करत नाहीत, चार दिवस राहून निघून जातात.

विष्ठा प्रत्यारोपणात मोजके पाहुणे नाहीत, अख्खी वस्तीच हलवतात. काकूंना मी विरजणाचं उदाहरण दिलं. आपलं विरजण बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जातोच ना? अँटिबायोटिकने आतड्यातले मूळ जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजतो. जुलाब थांबतात, पुन्हा सुरू होतात, जीवावर बेततं. अशा वेळी निरोगी दात्याची तपासलेली विष्ठा द्रवात कालवून, गाळून कोलोनोस्कोपीने किंवा नळीने आत सोडतात. डेन्व्हरमध्ये बेन आयझमन यांनी १९५८ साली चार रुग्णांवर एनिमाने हे केल्याची नोंद आहे. २०१३च्या डच चाचणीत पहिल्याच खेपेत १६ पैकी १३ जण बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. घोटाळ्याचं मूळ असलेली कॅप्सूल, व्होस्ट, अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात दात्याच्या विष्ठेतून शुद्ध केलेले जिवाणूंचे बीजाणू असतात. रोज चार, तीन दिवस. गॅस किंवा बद्धकोष्ठासाठी हे नाही, आणि घरी मिक्सरवर करून बघण्याचं तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र मलाही चकित करून गेली. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने अँटिबायोटिक घेतलेल्या २१ निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना त्यांचीच आधी साठवलेली विष्ठा परत दिली, त्यांची मूळ वस्ती लवकर सावरली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मात्र, काहीच न घेणाऱ्यांपेक्षाही उशिरा! म्हणून काकूंची कॅप्सूल फुकट असं मी म्हणणार नाही. काही प्रोबायोटिकने अँटिबायोटिकचे जुलाब टळतात. पण ही कॅप्सूल आतड्यात वस्ती वसवते, हा समज सोडायला हवा.

दुसरीकडे विष्ठा प्रत्यारोपणात धोकाही मोठा. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू रुग्णांच्या पोटात गेला आणि एक रुग्ण दगावला. त्यामुळे दात्याचं रक्त, विष्ठा, जुनी दुखणी, घेतलेली औषधं, सगळं खोदून बघतात; बहुतेक इच्छुक बादच होतात.

काकूंनी ओसरीवर पेपर वाचणाऱ्या काकांकडे पाहिलं. "म्हणजे ह्यांचं चालणार नाही," म्हणाल्या, आणि कॅप्सूल गिळली.