ऐन हंगामात नेम का बिघडतो?

माझा शेजारी गेली 20 वर्षं धनुष्यबाणानं हरणांची शिकार करतो. आम्ही राहतो त्या विस्कॉन्सिन राज्याला याची जुनी परंपरा आहे. फक्त धनुर्धाऱ्यांसाठी राखलेला हरणांचा हंगाम अमेरिकेत पहिल्यांदा इथे 1934 मध्ये सुरू झाला. सप्टेंबरच्या मध्याला हंगाम उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. मी शिकार करत नाही, पण कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांवर चाकं असलेलं आधुनिक धनुष्य, धरायला त्याच्याच अंगणात शिकलो, त्यामुळे मागच्या शरदात जे झालं ते मी जवळून पाहिलं.

ऑगस्टमध्ये 30 यार्डांवरून, म्हणजे साधारण 27 मीटरवरून, त्याचे सहाही बाण चहाच्या बशीएवढ्या जागेत बसत होते. ऑक्टोबरच्या मध्यात तेच बाण जेवणाच्या ताटात मावेनात. एक तर फोमच्या ठोकळ्यावरून जाऊन मागच्या लाकडी कुंपणात रुतला. तो काही बोलला नाही. साइटचा, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि परत जागेवर जाऊन उभा राहिला.

ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. बाणांचा पुंजका घट्ट असेल आणि तो मध्यापासून बाजूला सरकला असेल, तर साइट हलवायची. पुंजकाच विस्कटला असेल तर साइट हलवून काय होणार? एका बाणाचा दोष दुसऱ्या बाणावर लादला जातो, एवढंच. संख्याशास्त्रात या दोन चुका वेगळ्या मानतात: एक ठरावीक दिशेनं होणारी, दुसरी कुठेही भरकटणारी. पहिलीचं कारण बहुधा अवजारात सापडतं. दुसरीचं अवजारात असू शकतं, नाहीतर माणसात.

म्हणून आधी अवजार तपासायचं. धनुष्याच्या दोरीत पीप नावाची छोटी कडी बसवलेली असते. तिच्या भोकातून पाहून पुढच्या साइटमधली पिन लक्ष्यावर आणायची. पीप आणि पिन यांच्यात साधारण 75 सेंटीमीटर अंतर असतं. आता हिशेब करा. पीप जागेवरून 1 मिलिमीटर सरकलं, तर 27 मीटरवर बाण साडेतीन सेंटीमीटरहून जास्त सरकतो. ताणून ताणून दोरी हळूहळू लांबते, पीपही किंचित फिरतं, आणि डोळ्याला त्यातलं काही कळत नाही. यासाठी उन्हाळ्यातच कॅमवर आणि दोरीवर पांढऱ्या मार्करनं खुणा करून ठेवाव्यात. कॅम म्हणजे धनुष्याच्या टोकांवरची लंबगोल चाकं. खुणा जुळेनाशा झाल्या की दोरी हलली आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट कपड्यांची. ऑगस्टमधला सराव टी-शर्टवर झालेला असतो आणि ऑक्टोबरच्या पहाटे अंगावर जाडजूड जॅकेट असतं. सुटलेली दोरी बाहीला नुसती घासून गेली तरी बाण डावीकडे-उजवीकडे वळतो. तोंडावर गळपट्टी आली की दोरी गालाला रोज जिथे टेकते, ती जागाही बदलते. तिसरी गोष्ट बाणाच्या टोकाची. सरावाचं टोक गुळगुळीत असतं, शिकारीच्या टोकाला पाती असतात. दोन्हींचं वजन सारखं, समजा साडेसहा ग्रॅम, असलं तरी पाती पुढे बसवलेल्या इवल्या पंखांसारखी वागतात. बाण धनुष्यातून जरा तिरपा निघाला तर मागची पिसं त्याला सरळ करू पाहतात आणि पुढची पाती आणखी तिरपा करू पाहतात. गुळगुळीत टोकानं जो दोष झाकला होता, तो पात्यांनी उघडा पडतो.

शेजाऱ्याच्या बाबतीत बाहीचा दोष निघाला. त्यानं दंडापासून मनगटापर्यंत पट्टा बांधला आणि डावीकडे जाणारे बाण थांबले. पुंजका मात्र विस्कटलेलाच राहिला.

मग मी त्याच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिलो आणि फोनवर सेकंदाला 240 फ्रेमच्या गतीनं व्हिडिओ घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही तो एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. दोरी पूर्ण ओढलेली, हात स्थिर. धनुष्य वर येत येत एके ठिकाणी अडतं. मग तर्जनी एकदम आखडते आणि दोरी पकडून ठेवणाऱ्या हातातल्या अवजाराच्या ट्रिगरवर चापट बसावी तशी आदळते. बाण अजून दोरीवरच आहे आणि पुढचा खांदा आधीच खाली झुकला आहे. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पिन मध्याच्या खालीच अडकते. वर न्यायची म्हटलं तरी जात नाही."

धनुर्विद्येत याला टार्गेट पॅनिक म्हणतात. हा रोग फक्त धनुर्धाऱ्यांनाच होतो असं नाही. गोल्फमध्ये त्याला यिप्स म्हणतात, डार्ट्समध्ये डार्टायटिस. डार्ट्सचा पाच वेळचा विश्वविजेता एरिक ब्रिस्टो याला तो 1980 च्या दशकात जडला आणि हातातला डार्ट सुटेनासा झाला. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी गोल्फपटूंच्या यिप्सचे ढोबळ दोन प्रकार सांगितले. एकात स्नायूंवरचं मेंदूचं नियंत्रणच बिघडलेलं असतं, दुसऱ्यात मनावरच्या दडपणामुळे हात गडबडतो. दोन्हींच्या मध्येही पुष्कळ लोक सापडतात. ज्याला हे होतं त्याला "मन घट्ट कर" असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. खरी गडबड मनाच्या घट्टपणात नसते, ती मेंदू जे शिकून बसला आहे त्यात असते.

मेंदू काय शिकतो ते बघू. पिन कधीच स्थिर नसते. जिवंत हाताला थरथर असतेच, त्यामुळे ती मध्याभोवती तरंगत राहते. धनुर्धारी वाट बघतो की ती मध्यावर आली की ट्रिगर दाबू. पण डोळ्यानं पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात, आणि तेवढ्यात पिन दुसरीकडे गेलेली असते. म्हणून तो थोडा आधी दाबायला लागतो. दाबलं की बाण सुटतो आणि त्या क्षणी अंगातला ताणही सुटतो. ही सुटका मेंदूला बक्षिसासारखी वाटते. बक्षीस मिळालं की ती कृती पुढच्या वेळी आणखी लवकर होते. आठवडाभरात अशी वेळ येते की पिन मध्याच्या जवळ आली रे आली की बोट आपोआप आखडतं. मग ते आखडू नये म्हणून तोच मेंदू पिनला मध्यापासून लांब रोखून धरतो. अडकलेली पिन म्हणजे हा झगडा.

यात कंपाउंड धनुष्याचाही थोडा वाटा आहे, असं मला वाटतं. मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते 1969 मध्ये मंजूर झालं. 60 पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की कॅममुळे 80 टक्के भार उतरतो आणि हातावर जेमतेम 12 पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, उरतात. नेम धरायला भरपूर वेळ मिळतो. आणि काळजी करायलाही.

मग हे ऐन हंगामातच का होतं? भीतीच्या सवयींवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. जुनी सवय मोडली म्हणजे पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय चढते. पावलॉवच्या कुत्र्यांतही विझलेली प्रतिक्रिया काही काळानं आपोआप परतत असे. शिवाय नवी सवय ज्या जागी शिकली त्या जागेला चिकटून राहते. अंगणातला फोमचा ठोकळा ही एक जागा झाली. पहाटेचा गारठा, झाडावरचं मचाण, तीन तास न हलता बसल्यानं आखडलेलं अंग आणि समोर श्वास सोडणारं हरीण ही अगदी वेगळी जागा. तिथे जुनी सवय वर येते.

इथे मला आदिपर्वातला प्रसंग आठवतो. झाडावर कारागिरांनी बनवलेला भास पक्षी ठेवलेला आहे, आणि अर्जुनाला फक्त त्याचं डोकं दिसतं. एवढं आपण सगळे सांगतो. त्यापुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बाण कधी सोडायचा हे अर्जुन ठरवत नाही. "सोड" असं द्रोण म्हणतात, आणि मूळ श्लोकात अर्जुन कसा सोडतो त्यासाठी शब्द आहे "अविचारयन्", म्हणजे विचार न करता. नेम धरणारा एक, सोडण्याची वेळ ठरवणारा दुसरा.

आजचे उपायही याच वाटेनं जातात. शेजाऱ्यानं दोन आठवडे मचाणाला हात लावला नाही. ठोकळ्यापासून दोन पावलांवर, कुठलंही चिन्ह नसलेल्या बाजूसमोर डोळे मिटून उभं राहायचं. ट्रिगरवर बोट आकड्यासारखं अडकवायचं आणि ते न हलवता पाठीचे स्नायू आवळून कोपर मागे न्यायचं. बाण केव्हा सुटेल ते आपल्याला कळता कामा नये. झटक्यानं केलेली हालचाल एकदा सुरू झाली की मेंदूला ती वाटेत दुरुस्त करता येत नाही. सावकाश खेच मात्र शेवटपर्यंत दुरुस्त करता येते, हवी तर थांबवताही येते. लक्ष त्या खेचीवर ठेवायचं आणि पिन तरंगतेय तर तरंगू द्यायची. ठरवून सोडल्यावर जे विस्कटतं, ते तरंगतं सोडल्यावर मध्याभोवती जमतं.

दुसरा सराव मला याहून मोलाचा वाटतो. दोरी पूर्ण ओढायची, पिन मध्यावर आणायची आणि बाण न सोडता दोरी परत आणायची. (बाण न लावता ओढलेली दोरी मात्र कधीच सोडू नये, सगळी ऊर्जा धनुष्याच्या भुजांत जाऊन त्या फुटू शकतात.) पिन मध्यावर आली म्हणजे सोडलंच पाहिजे असं नाही, हे मेंदूला असं हळूहळू पटतं. कधीकधी मी मागे उभा राहून "सोड" किंवा "थांब" म्हणत असे. मग हळूहळू 5 मीटर, 10, 20. शेवटी जॅकेट घालून, जिने चढून-उतरून छाती धडधडत असताना, आणि दिवसाला एकच बाण, अंग गार असताना. जंगलात सरावाचे बाण मिळत नाहीत, पहिलाच बाण खरा असतो.

एक गोष्ट नेमाच्याही बाहेरची आहे. बाण सेकंदाला 85 मीटर वेगानं निघतो, तर आवाज 340 मीटरनं. 27 मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज 0.08 सेकंदात ऐकू येतो आणि बाण पोहोचतो 0.32 सेकंदांनी. मधल्या पाव सेकंदात ते उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसू लागतं. समजा शेवटचे 0.15 सेकंद त्याचं अंग मोकळं खाली पडलं, तर ते 11 सेंटीमीटर होतं. म्हणजे बाण अचूक असूनही वरून जाऊ शकतो, किंवा जनावर जखमी होऊन निसटतं. अंतर कमी करणं हाच यावरचा उपाय. ज्याचा पुंजका ताटाएवढा झाला आहे त्यानं 30 यार्डांवरून बाण सोडू नये, हे मी शेजाऱ्याला तोंडावर सांगितलं. त्यालाही ते माहीत होतं.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, ते योग्यच आहे. पण धनुष्य तेच आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या 17 वर्षांच्या अदिती स्वामीनं कंपाउंड धनुष्यानंच अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण मिळवले, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं 150 पैकी 150. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटीमीटरचं असतं. त्या वर्तुळातही पिन तरंगतच असणार.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारी पुन्हा मचाणावर गेला. संध्याकाळी कुंपणापाशी भेटला तेव्हा म्हणाला, एक नर 22 यार्डांवर आला होता, दोरी पूर्ण ओढली, पिन मध्यावर आली, बोट आखडायला लागलं, आणि त्यानं दोरी परत आणली. हरीण ओढ्याकडे निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोन पावलांवर, डोळे मिटून, ठोकळ्यासमोर उभा होता.