अन्नव्यवसायाची नोंदणी व परवाना (महाराष्ट्र)

खाद्यपदार्थ तयार करणे, साठवणे, वाहून नेणे, वाढणे किंवा विकणे यांपैकी कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घ्यावी लागणारी सरकारी अनुमती. वडापावची गाडी, घरून जाणारे डबे, पोळीभाजी केंद्र, बचत गटाचे पापड-लोणचे, खानावळ, रसवंती, मिठाईचे दुकान, केवळ दिवाळीपुरता केलेला फराळ हे सारे या कायद्याच्या कक्षेत येते. धंदा केवढा आहे यावरून अनुमतीचा प्रकार बदलतो; लहान आहे म्हणून कोणी तिच्यातून सुटत नाही. नफा होतो की नाही हेही पाहिले जात नाही. ‘अन्नव्यवसाय’ या संज्ञेच्या कायद्यातील व्याख्येत ना-नफा कामेही धरलेली असल्याने गणेशोत्सवात महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनाही अन्न व औषध प्रशासन नोंदणी करायला सांगते.

वगळलेले गट थोडे आहेत. स्वतःच्या शेतातला माल शेतावरच विकणारा शेतकरी आणि आपली मासळी विकणारा मच्छीमार यांना कायदा लागू नाही. सहकारी दूध संस्थेचा सभासद असून सगळे दूध संस्थेलाच घालणाऱ्या उत्पादकालाही नोंदणी लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याने टोमॅटोचे सॉस किंवा आंब्याची पोळी करून विकायला काढली, तर तो प्रक्रिया करणारा व्यावसायिक ठरतो.

पार्श्वभूमी

पूर्वी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जोडीला फळप्रक्रिया, मांस, खाद्यतेल, दूध यांसाठी वेगवेगळे आदेश होते, त्यामुळे एकाच कारखान्याला दोन-तीन खात्यांची दारे गाठावी लागत. २००६ च्या कायद्याने हे सगळे एका छताखाली आणले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय) २००८ मध्ये स्थापन झाले आणि नोंदणी व परवान्याचे विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. जुन्या कायद्याचा भर नमुना घेऊन भेसळ सिद्ध करण्यावर होता. नवा कायदा त्याबरोबरच पदार्थ कुठे होतो, कोणत्या पाण्यात होतो आणि कोणाच्या हातून होतो हेही विचारतो. छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा आहे.

नियम केंद्राचे असले तरी अंमलबजावणी राज्याकडे आहे. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासन करते. सहायक आयुक्त (अन्न) हे पदनिर्देशित अधिकारी म्हणून परवाना देतात आणि अन्नसुरक्षा अधिकारी जागेची तपासणी करतात. बोलीत या खात्याला सगळे ‘एफडीए’च म्हणतात. गोव्यात हे काम तेथील अन्न व औषध प्रशासन संचालनालय करते.

नोंदणी की परवाना

२०११ च्या विनियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी नुसती नोंदणी ठेवली, त्यापुढे २० कोटींपर्यंत राज्य परवाना आणि त्याहून मोठ्यांसाठी केंद्रीय परवाना. फेरीवाले आणि जत्रेतले तात्पुरते स्टॉलधारक नोंदणीच्या गटात येतात. उत्पादन करणाऱ्यासाठी त्याच विनियमांनी आणखी एक मोजमाप ठेवले : दिवसाला १०० किलो किंवा १०० लिटरपर्यंतचे उत्पादन नोंदणीत. या मर्यादा आणि शुल्क विनियमांत दुरुस्ती करून बदलता येतात, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर असतील तेच आकडे खरे धरावेत.

येथे एक गैरसमज फार आढळतो. उलाढाल म्हणजे हातात उरलेला नफा नव्हे, तर एकूण विक्री. १२ लाखांचा हिशेब मांडला तर दिवसाला सुमारे ३,३०० रुपयांचा गल्ला होतो. स्टेशनबाहेरच्या चांगल्या चालणाऱ्या वडापावच्या गाडीला हा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे नोंदणीवर चालणारा, पण मोजमापाने परवान्याच्या गटात गेलेला धंदा असे अनेकांचे होऊन बसते. विक्रीची रोजची वही ठेवली तर हे वेळेत कळते.

अर्ज

फॉस्कॉस २०२० मध्ये आले आणि जुन्या प्रणालीची जागा त्याने घेतली. नोंदणीसाठी ‘नमुना अ’ भरतात. छायाचित्र, ओळखीचा पुरावा, जागेचा पत्ता आणि पदार्थांचा प्रकार एवढ्यावर तो होतो. २०११ च्या विनियमांनी शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले आणि एकदम पाच वर्षांपर्यंतची मुदत मागण्याची सोय दिली. सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण लेखी देऊन नाकारावी किंवा तपासणीची नोटीस द्यावी, असे बंधन अधिकाऱ्यावर आहे. यांपैकी काहीच घडले नाही, तर अर्जदाराला धंदा सुरू करता येतो. तपासणीची नोटीस निघाली असेल, तर निर्णयासाठी तीस दिवस असतात. गरीब अर्जदाराला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत म्हणून केलेली ही तरतूद फार कमी जणांना माहीत असते आणि ती प्रत्येक अर्जदाराला सांगितली गेली पाहिजे.

परवान्यासाठी ‘नमुना ब’ लागतो आणि कागद वाढतात : स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी, भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, पाण्याचा तपासणी अहवाल, अन्नसुरक्षा व्यवस्थापनाची योजना. हॉटेल, खानावळ, केटरर यांना वर्षाला २,००० रुपये आणि उत्पादकांना रोजच्या क्षमतेनुसार ३,००० किंवा ५,००० रुपये असे शुल्क २०११ च्या विनियमांत आहे. निर्णयाची मुदत साठ दिवसांची.

मंजुरीनंतर चौदा अंकी क्रमांक मिळतो. त्यातला पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचे १५ आहेत. हा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो, दुकानात दिसेल असा लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही द्यावा लागतो. २०१८ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांना विनापरवाना हॉटेले यादीतून काढायला सांगितले, तेव्हापासून या क्रमांकाशिवाय ॲपवर जागा मिळत नाही. क्रमांक त्या जागेपुरताच असतो. दुसऱ्या गल्लीत दुसरे दुकान काढले की दुसरा अर्ज.

बरेच जण हे काम एजंटाकडून करून घेतात. त्यात हरकत नाही, पण अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच असावा. एजंटाने आपला क्रमांक घातला, तर नूतनीकरणाची आठवण आणि खात्याच्या सूचना सगळ्या त्याच्याकडे जातात आणि मुदत संपल्याचे मालकाला तपासणीच्या दिवशी कळते. सरकारी वाटावीत अशी नावे घेऊन शेकडो-हजारो रुपये उकळणारी खासगी संकेतस्थळेही आहेत.

अनुसूची ४

नोंदणी मिळणे सोपे आहे, कारण ती मुख्यतः कबुलीवर मिळते. अर्जाबरोबर व्यावसायिक स्वघोषणा करतो की विनियमांच्या चौथ्या अनुसूचीतले स्वच्छतेचे नियम मी पाळीन. छोट्या धंद्याच्या स्वयंपाकघरात रोज कोणी तपासायला येत नाही. म्हणजे या व्यवस्थेचा सगळा भार त्या एका सहीवर आहे, आणि दुःखाची गोष्ट अशी की सही करणाऱ्यांपैकी अनेकांनी ती अनुसूची उघडूनही पाहिलेली नसते.

तिच्यातल्या अपेक्षा अवाजवी नाहीत. जागा घाणीपासून दूर आणि उजेडाची असावी, जमीन व भिंती धुता येतील अशा असाव्यात. स्वयंपाकाला, भांडी धुवायला आणि बर्फालासुद्धा पिण्यायोग्य पाणीच वापरावे. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. जुलाब, ताप, उघडी जखम असलेल्या माणसाने अन्नाला हात लावू नये. नखे कापलेली असावीत. काम करताना तंबाखू, पान, विडी आणि थुंकणे बंद. कच्चे आणि शिजवलेले, शाकाहारी आणि मांसाहारी वेगळे ठेवावे. परवानाधारकांच्या कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी लागते आणि दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक अपेक्षित असतो.

महाराष्ट्रात दोन नियम विशेष मोडले जातात. पहिला तळणीच्या तेलाचा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. गाडीवर हे मोजायचे उपकरण नसते. तेल काळवंडले, फेसाळू लागले, लवकर धूर सोडू लागले की ते बदलावे, हाच तिथला उपाय. दुसरा नियम वर्तमानपत्राचा. भजी-वडे रद्दीत बांधून देण्याची सवय जुनी आहे, पण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे. कोरा कागद किंवा केळीचे पान यांचा खर्च थोडा जास्त येतो, तेवढाच.

मिठाईवाल्यांसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून ट्रेमधल्या सुट्या मिठाईसमोर ‘अमुक तारखेपर्यंत खाण्यास उत्तम’ अशी पाटी लावण्याचा नियम आला.

इतर परवानग्या

एफएसएसएआयचा क्रमांक मिळाला म्हणजे सगळे झाले असे नाही. तो क्रमांक जागा वापरायचा हक्क देत नाही. हॉटेल किंवा खानावळीला महापालिकेचा अथवा नगरपालिकेचा परवाना वेगळा लागतो. मुंबईत तो १८८८ च्या महापालिका अधिनियमातील कलम ३९४ खाली आरोग्य खाते देते. रस्त्यावर बसणाऱ्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत सर्वेक्षण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र मिळायला हवे. प्रत्यक्षात अनेक शहरांत हे काम रखडलेले आहे. त्यामुळे अन्नाची नोंदणी असूनही गाडी उचलली जाण्याची भीती विक्रेत्याच्या मनातून जात नाही. अन्न खाते त्याला व्यावसायिक म्हणून ओळखते आणि पालिका अतिक्रमण म्हणून. हा अन्याय कागद पूर्ण ठेवणाऱ्यालाच जास्त टोचतो.

घरगुती डबेवाल्या ताईंपुढे प्रश्न वेगळा असतो. राहत्या घरातून नोंदणी मिळते, पण भाड्याचे घर असेल तर मालकाची संमती आणि सोसायटीत असेल तर शेजाऱ्यांची कुरबूर यांना तोंड द्यावे लागते. गॅसचा नियमही इथेच आडवा येतो : धंद्यासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो.

दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ ने लहान आस्थापनांची नोंदणी काढून केवळ कळवण्याचे बंधन ठेवले. मूळ कायद्यात ही सवलत १० पेक्षा कमी कामगारांना होती. वस्तू व सेवा करात पदार्थ पुरवणारे हॉटेल ‘सेवा’ धरले जाते, म्हणून त्याची नोंदणीमर्यादा २० लाखांची आहे. बंद पाकिटातला चिवडा विकणाऱ्याला वस्तूंसाठीची ४० लाखांची मर्यादा लागू होते. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, तारखा, उत्पादकाचा पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे किंवा मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असावे लागते.

कारवाई व पुढचे व्यवहार

त्रुटी आढळली की अधिकारी प्रथम सुधारणा नोटीस देतात आणि दुरुस्तीसाठी किमान चौदा दिवस मिळतात. तरी सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित आणि नंतर रद्द होऊ शकतो. परवाना लागत असताना त्याशिवाय धंदा करणे हा पूर्वी तुरुंगवासाचा गुन्हा होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो काढून १० लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला.

केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटातील प्रत्येक सभासदामागे ४० हजारांचे बीजभांडवल ठेवले. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडे सोपवली गेली.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास वारसाला तो आपल्या नावावर करून घेता येतो; त्यासाठी नव्वद दिवसांत अर्ज करावा लागतो. घरगुती धंद्यात ही वेळ अनेकदा बायकांवर येते, कारण पहाटेपासून चुलीपाशी त्या उभ्या असतात आणि कागदावर नाव नवऱ्याचे किंवा मुलाचे असते. नोंदणी पहिल्यापासून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच नावाने काढली, तर कर्ज, अनुदान आणि धंद्याची ओळख यांपैकी काहीही मागताना तिला दुसऱ्याच्या सहीसाठी थांबावे लागत नाही.