'इकिरु'ची पार्श्वभूमी : हिरो आधीच का मरतो?

अकिरा कुरोसावाच्या 'इकिरु' या सिनेमात वातानाबे नावाच्या नगरपालिकेतल्या एका अधिकाऱ्याला कॅन्सर असल्याचं कळतं, आणि उरलेल्या दिवसांत तो सांडपाण्याच्या डबक्याच्या जागी बाग करून घेतो. हा सिनेमा जपानमध्ये लागला ऑक्टोबर १९५२ मध्ये, आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला देशावरचा परकीय ताबा संपला होता. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की सिनेमातलं नगरपालिकेचं ऑफिस जास्त कळतं. जवळजवळ सात वर्षं अमेरिकन लष्कर वर बसलेलं होतं, पण रोजचा कारभार चालला तो जुन्याच सरकारी यंत्रणेतून. सैन्य मोडलं, मोठमोठी उद्योगघराणी फोडली, बाबू लोक मात्र बहुतेक आपापल्या खुर्चीत तसेच राहिले. म्हणून वस्तीतल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर, आरोग्य, रस्ते, पार्क, अशा फिरत राहतात, तो सीन त्या वेळच्या प्रेक्षकाला रोजच्या अनुभवातला वाटला असणार.

कथेचं बीज त्याहून जुनं, १८८६ च्या एका रशियन लघुकादंबरीतलं, तिथेही एक सरकारी अधिकारी मरताना मागे वळून आपलं आयुष्य बघतो. वातानाबे शेवटी बागेतल्या झोक्यावर बसून म्हणतो ते गाणंही १९१५ चं, एका नाटकासाठी लिहिलेलं, म्हणजे वातानाबेच्या तरुणपणातलं.

नावाबद्दल थोडं. इकिरु म्हणजे जगणे, नुसतं क्रियापद, कोण जगतंय काही नाही. आपल्याकडे पाटीवर 'चपला बाहेर काढणे' लिहितात तेव्हा ते 'णे' हुकूम होतं, तसं मला हे शीर्षक वाचताना नेहमी वाटतं, हा माझा मराठी कान आहे, जपानीत तसा अर्थ असेलच असं नाही. पण अमेरिकेत १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात तो दाखवला तेव्हा नाव ठेवलं होतं 'डूम्ड', म्हणजे आता संपलाच बिचारा! जगण्याबद्दलच्या सिनेमाला मरणाचं नाव. आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा पोस्टरवर क्लबमधली नाचणारी बाई, जी सिनेमात जेमतेम काही क्षण दिसते.

आता खरा वादाचा मुद्दा. सिनेमा १४३ मिनिटांचा, आणि साधारण दोन तृतीयांश झाल्यावर निवेदक सरळ सांगतो की आपला नायक वारला. पुढे जवळपास पाऊण तास त्याच्या शोकसभेत फोटोसमोर बसलेले, दारू पिणारे सहकारी. खूप जणांना इथे सिनेमा पडतो असं वाटतं, लांबलाय, कापायला हवा होता. पहिला खर्डा सरळच होता, आजार, धडपड, बाग, मृत्यू. लिहायला तीन जण होते, आणि तिसरा नंतर आला त्याने सुचवलं की माणूस मधेच मरू दे, मग आधी लिहिलेलं मागे पडलं आणि नव्याने मांडणी झाली. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. कारण बाग कशी झाली हे त्याच्याबरोबर चालत बघितलं असतं तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. इथे तुकड्या-तुकड्यांनी दुसऱ्यांच्या आठवणीतून कळतं, तेही श्रेय उपमहापौराने लाटल्यावर, आणि तो सुखी होता हे कोण सांगतं तर रात्रपाळीचा पोलीस, ज्याला आधी तो दारुडा वाटला होता. म्हणजे त्याच्या सुखाचा साक्षीदार एक अनोळखी माणूस. आणि ते सहकारी, रडून शपथा घेणारे, दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी दाखवतात, एकजण उठून उभा राहतो आणि मग खाली बसताना फायलींच्या ढिगामागे नाहीसा होतो. तो पाऊण तास कापला तर हे सगळंच जातं.

आपल्याकडच्या १९७१ च्या आनंदशी तुलना होते, पण तिथे पेशंटला सगळं आधीपासून माहीत असतं. इथे डॉक्टर खोटं बोलतात, साधा अल्सर आहे म्हणतात, कारण त्या काळात तिथे कॅन्सर पेशंटला न सांगणं हीच पद्धत होती आणि ती पुढे कितीतरी दशकं टिकली. वातानाबेला खरं कळतं ते वेटिंगमधल्या दुसऱ्या पेशंटच्या बडबडीवरून. १९५३ च्या लंडनमध्ये घडणारा २०२२ चा ब्रिटिश रिमेक इथेच बदलतो, डॉक्टर तोंडावर सांगून टाकतो. लांबीही शंभर मिनिटांच्या आसपास, त्यामुळे मृत्यूनंतरचा भाग बराच आटोपशीर. गाण्याच्या जागी एक स्कॉटिश लोकगीत, ते मात्र सुंदर बसलंय. पण त्यात नायक एका तरुण सहकाऱ्यासाठी पत्र ठेवून जातो, बागेचं काय समजायचं ते त्यात लिहिलेलं. वातानाबेने असलं पत्र ठेवलं नव्हतं, त्याच्या लोकांना ते दारू पिऊन, भांडून, एकमेकांच्या आठवणी जोडून शोधावं लागलं.