एकशिंगी गेंडे दोन: काझीरंगाचा आणि जावाचा

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात १९०७ साली एक गेंडा मेला. भारतीय गेंडा म्हणून लोकांना दाखवला जाणारा हा प्राणी मुळात इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचा होता. त्यानंतर जावाचा गेंडा कुठल्याच प्राणिसंग्रहालयात राहिलेला नाही.

फसगत शिंगामुळे होते, कारण दोन्ही जाती एकशिंगी. त्यातही जावाच्या मादीला बहुधा शिंग नसतंच. ओळखायचं तर मानेकडे पाहावं. जावाच्या गेंड्याची खांद्यापुढची वळी पाठीवरून थेट पलीकडे उतरते, म्हणून मानेवर वेगळं खोगीर चढवल्यासारखं दिसतं. भारतीय गेंड्याची तीच वळी मागे वळून खांद्यावर विरते. त्याच्या कातडीवर ठळक गोल उंचवटे असतात, जावाच्या कातडीवर खवल्यांसारखी नक्षी. भारतीय गेंडा मुख्यतः गवत खातो, जावाचा पाला आणि कोवळे कोंब. त्यामुळे पहिला गवताळ मैदानात सहज नजरेस पडतो आणि दुसऱ्याची मोजणी दाट जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांवरच करावी लागते.

खरा फरक मात्र आकड्यांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय गेंडाही संपत आला होता. १९०८ मध्ये काझीरंगा राखीव वन झालं, पुढे शिकारीवर बंदी आली, आणि २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे निघाले. भारत आणि नेपाळ मिळून आज सुमारे चार हजार. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो अजून ‘असुरक्षित’ आहे, आणि ते योग्यच म्हणायला हवं: बहुतेक गेंडे एकाच उद्यानात, आणि ब्रह्मपुत्रेला पूर आला की ते महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धावतात. म्हणूनच २००८ पासून काही गेंडे आसाममधल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात हलवले गेले. तिथले आधीचे गेंडे अशांततेच्या काळात शिकाऱ्यांनी संपवले होते.

जावाचा गेंडा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. व्हिएतनाममधला शेवटचा २०१० मध्ये शिकाऱ्यांनी मारला. आता उरले आहेत ते फक्त जावाच्या पश्चिम टोकाला, उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात. सत्तरहून अधिक असल्याचं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. मग २०२४ मध्ये शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी २०१९ ते २०२३ दरम्यान २६ गेंडे मारल्याची कबुली दिली. आता अंदाज पन्नासच्या आसपास आहे. कागदावरच्या आकड्यावर विसंबून पहारा सैल पडला असावा, असं मला वाटतं.

शिवाय समोरच क्राकाटोआ ज्वालामुखी आहे. १८८३ च्या उद्रेकाची लाट याच किनाऱ्यावर आदळली होती. त्यामुळे या जातीला दुसरं घर हवं, हे तज्ज्ञ कधीपासून सांगत आहेत. पण मानसला पाठवायला आसामकडे गेंडे होते. उजुंग कुलोनकडे सध्या एकही जास्तीचा नाही. म्हणून तूर्त तिथे पहारा वाढवला जातो, आणि गेंड्याचा चारा दाबून टाकणारे लांगकाप नावाचे ताडासारखे वृक्ष तोडले जातात.