औषध पाजण्याआधी शेण दाखवा: गाई-म्हशींतल्या गोल जंतांची ओळख

"शेणात काही दिसत नाही, म्हणजे जंत नाहीत," असं आमच्या शेण-तपासणी प्रयोगशाळेच्या काउंटरवर रोज कोणीतरी म्हणतं. मोठ्या जनावराचे गोल जंत सहसा पोटातच राहतात, बाहेर पडतात ती त्यांची अंडी. एक अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. ते डोळ्यांना दिसणार कसं?

डोळ्यांना दिसतो तो बहुतेक वेळा पारडा-वासरांचा जंत. वितीएवढा लांब, पांढरट, सुतळीसारखा जाड जंत शेणात पडला तर तो टॉक्सोकारा समजा. हा गवतातून येत नाही, आईच्या दुधातून येतो. म्हशीच्या अंगात अळ्या दडून असतात. ती व्यायला आली की त्या कासेत उतरतात आणि चिकातून, दुधातून पिलाच्या पोटात जातात. गोठा आरशासारखा ठेवला तरी पारडाला तो होऊ शकतो. पण म्हणून पिलाचा चीक तोडू नका, चीक हवाच! पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजाव्यात अशा, आणि मातकट रंगाची घाण वासाची हगवण, असं पारडू दिसलं की आम्हाला स्लाइडवर गोलसर, जाड कवचाची, बारीक खळग्यांची अंडी सापडतातच. पण इथे आमच्या रिपोर्टसाठी थांबू नका. अंडी दिसायला पारडू तीन आठवड्यांचं व्हावं लागतं, तोवर आतडी भरलेली असतात. दोन आठवड्यांचं होताच डॉक्टरांना विचारून पहिला डोस द्या. आमची एक तपासणी बुडाली तरी चालेल.

मोठ्या जनावरांत मात्र तपासणीशिवाय गत्यंतर नाही. हिमाँकस, ट्रायकोस्ट्राँगायलस, कूपेरिया, इसोफॅगोस्टोमम या सगळ्या गोल जंतांची अंडी जवळपास एकसारखी. रिपोर्टवर आम्ही "स्ट्राँगाइल गट" एवढंच लिहितो तेव्हा लोक नाराज होतात. नावच हवं असेल तर शेण ओलसर ठेवून 27 अंशांच्या आसपास सात ते दहा दिवस अळ्या वाढवाव्या लागतात. मग अळीच्या शेपटीवरचं म्यान पाहायचं. इसोफॅगोस्टोममचं चाबकाच्या टोकासारखं लांबलचक, ट्रायकोस्ट्राँगायलसचं आखूड, हिमाँकसचं मधलं आणि टोकाशी मुरडलेलं. काम किचकट आहे. प्रत्येक गाईसाठी ते करून घ्या असं आम्ही सांगणार नाही. औषध देऊनही कळप सुधारत नसेल तरच करा.

यातला सगळ्यात वाईट हिमाँकस. चौथ्या पोटात बसून रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटिमीटरची, लाल-पांढऱ्या धाग्यांना पीळ द्यावा तशी. गाईला हगवण लागेलच असं नाही, त्यामुळे संशयही येत नाही. खालची पापणी ओढून आतली बाजू बघा. ती गुलाबी न दिसता पांढरी फटक दिसली, किंवा जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली, तर त्याच दिवशी या. एवढं मात्र आवर्जून सांगा, की गाय कालव्याकाठी किंवा धरणाच्या कडेला चरते का. जबड्याखालची सूज अशा पाणथळ जागी लागणाऱ्या, यकृतातल्या चपट्या जंतानेही येते. बाकीची अंडी शोधायला आम्ही शेण मिठाच्या पाण्यात कालवतो, ती वर तरंगतात; या जंताची अंडी तरंगत नाहीत. ती वेगळ्या पद्धतीने तळाशी बसवून शोधावी लागतात. तुम्ही बोलला नाहीत तर ती आमच्या नजरेतून निसटतील.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठकडची डांगी जातीची जनावरं भर पावसात डोंगरावर चरतात. उबदार ओलीत शेणातल्या अंड्यापासून आठवडाभरात लागण करणारी अळी तयार होते आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसते. पोटात गेल्यावर अंडी घालायला तिला आणखी तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या पावसानंतर लगेच शेण आणलंत तर रिपोर्ट कोरा येईल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. महिनाभर थांबून आणा. सिन्नर, निफाडकडच्या दावणीच्या गाईंना हा धोका कमी असतो. पण ताजं शेणखत पडलेल्या बांधावरचा चारा कापून घालत असाल तर तेवढं निश्चिंत राहू नका.

नमुना गोठ्याच्या जमिनीवरून उचलू नका. मातीत स्वतःचे बारीक कृमी असतात, ते शेणात शिरले की आमचा गोंधळ उडतो. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून लिंबाएवढं शेण घ्या आणि छोट्या डबीत काठोकाठ दाबून भरा, हवा राहू देऊ नका. (श्रीखंडाचा रिकामा डबा चालेल, पण धुतलेला. एकदा तळाशी वेलची निघाली होती.) डबीवर जनावराचं वय आणि मागच्या औषधाची तारीख लिहा. त्याच दिवशी येता आलं नाही तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

रिपोर्टवरचा आकडा म्हणजे एक ग्रॅम शेणातली अंडी. तो पाहून औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील. गाय दुधात असेल किंवा गाभण असेल तर त्यांना आधी सांगा. दूध विकायचं असेल तर आयव्हरमेक्टिन देऊ नये, ते दुधात उतरतं. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात. औषधानंतर चौदाव्या दिवशी त्याच गाईचं शेण पुन्हा आणा. अंडी 95 टक्क्यांनी घटली नसतील तर ते औषध तुमच्या गोठ्यातल्या जंतांना पचलं आहे, आणि पुढच्या वेळी तेच औषध दुप्पट पाजूनही उपयोग नाही.