अपोलो–१७
अपोलो–१७ : अमेरिकेच्या अपोलो कार्यक्रमातील अखेरची समानव चांद्रमोहीम (७–१९ डिसेंबर १९७२). यूजीन सर्नन (प्रमुख), हॅरिसन श्मिट व रॉनल्ड एव्हान्स हे तिचे अंतराळवीर. ११ डिसेंबर रोजी सर्नन व श्मिट ‘चॅलेंजर’ या अवतरणयानातून टॉरस–लिट्रो दरीत उतरले; एव्हान्स ‘अमेरिका’ यानातून चंद्राभोवती फिरत राहिले. श्मिट हे व्यवसायाने भूविज्ञ. चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत शास्त्रज्ञ म्हणून निवडले गेलेले ते एकटेच.

तीन फेऱ्यांत मिळून दोघांनी सु. २२ तास यानाबाहेर काम केले, विजेच्या रोव्हरमधून सु. ३५ किमी. अंतर कापले आणि सु. ११० किग्रॅ. नमुने आणले. पहिल्याच दिवशी सर्नन यांचा हातोडा अडकून रोव्हरचे मागचे मडगार्ड तुटले. चांद्रधूळ बारीक व धारदार असते. ती अंगावर उडू लागली. चिकटपट्टीचा जोड टिकला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी चार नकाशे एकमेकांना चिकटवून, यानातील दिव्यांच्या चिमट्यांनी त्यांचे मडगार्ड बसवण्यात आले. ते शेवटपर्यंत टिकले.

नारिंगी मातीचा प्रश्न : कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत या दरीत गडद थर व गडद कडांची विवरे दिसत होती. ती अलीकडच्या ज्वालामुखींची मुखे असावीत, या अपेक्षेचा स्थळनिवडीत मोठा वाटा होता. दुसऱ्या फेरीत सु. ११० मी. व्यासाच्या ‘शॉर्टी’ विवराच्या काठावर श्मिट यांच्या बुटाने करडा थर उकरला गेला आणि खाली नारिंगी माती दिसली. ज्वालामुखीच्या वायूंमुळे खडक गंजून हा रंग आला असावा, म्हणजे शॉर्टी हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असे प्रथम वाटले. प्रयोगशाळेत हे टिकले नाही. ती माती म्हणजे टायटॅनियमयुक्त काचेचे सूक्ष्म मणी निघाले. बहुतेकांचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा लागतो. शिलारसाचे कारंजे उडून त्याचे थेंब पटकन निवल्याने ते बनले. त्याच रसाचे जे थेंब सावकाश निवले त्यांत स्फटिक वाढले व ते काळे दिसतात. जमिनीत ठोकलेल्या नळीत नारिंगी थराखाली हे काळे मणी मिळाले. आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून) निघालेली त्यांची वये साधारण ३५० ते ३७० कोटी वर्षे आहेत. ३६० कोटींच्या आसपासचा आकडा धरणे योग्य ठरेल. शॉर्टी मात्र बरेच अलीकडचे आघातविवर (अवकाशातील दगड आदळून पडलेला खड्डा) असून त्या आघाताने पुरलेला जुना थर वर आला, हे मत आता सर्वमान्य आहे. रंग चटकन ओळखून, चर खणून, अर्ध्या तासात थरांचा क्रम न बिघडवता नमुने घेणे हे सरावलेल्या क्षेत्र-भूविज्ञाचेच काम होते. या मण्यांतील स्फटिकांत अडकलेल्या शिलारसात २०११ मध्ये पाण्याचे लक्षणीय प्रमाण आढळले. चंद्राचे सर्व अंतरंग तसेच आहे काय, यावर मतभेद आहेत.

दरीच्या दक्षिणेकडील डोंगरावरून घसरलेली फिकट दरड हाही वादाचा विषय. दोन हजार किमी.हून दूर असलेल्या टायको विवरातून उडालेले दगड आदळून ती कोसळली, असे मानल्यास दरडीच्या नमुन्यांवरून टायकोचे वय सु. ११ कोटी वर्षे येते. टायकोसाठी हाच आकडा रूढ आहे. पण तो या गृहीतावर उभा आहे. दरीतील ली–लिंकन भ्रंशाच्या (खडकांचे थर सरकलेल्या भेगेच्या) हादऱ्याने दरड सुटली असावी, असेही अलीकडे सुचवले गेले आहे.

गुरुत्वीय तरंग (अवकाश-कालातील लहरी) टिपण्यासाठी ठेवलेले गुरुत्वमापक चंद्राच्या गुरुत्वासाठी लागणाऱ्या वजनांचा हिशेब चुकल्याने निकामी ठरले. परतीच्या वाटेवर एव्हान्स यांनी यानाबाहेर येऊन चित्रफितींच्या डब्या आत आणल्या. दरडीत ठोकलेल्या दुहेरी नळीचा वरचा भाग २०१९ मध्ये व निर्वात डब्यात मोहोरबंद ठेवलेला खालचा भाग २०२२ मध्ये अभ्यासासाठी उघडण्यात आला.